संगणकात डिस्क चार, चालू व्हायला मिनिटंही चार: पुन्हा विंडोज टाकण्याआधी हे बघा

प्रश्न असा आहे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत लग्नाच्या फोटोंचं आणि अल्बमचं काम करणाऱ्या एका दादांचा संगणक चालू व्हायला चार मिनिटं घेतो. विंडोज ११ आहे आणि ते ५०० जीबीच्या एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या, वेगवान) एसएसडीवर टाकलेलं आहे. शिवाय कॅबिनेटमध्ये २ टीबी आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, जुन्या संगणकातून काढून लावलेली १ टीबीची तिसरी, आणि यूएसबीला कायम जोडलेली एक पोर्टेबल डिस्क. बटण दाबलं की मदरबोर्ड कंपनीचा लोगो दीड मिनिट तसाच राहतो, मग ठिपके गोल फिरत बसतात, आणि डेस्कटॉप दिसला तरी पुढे मिनिटभर एक फोल्डर उघडत नाही. एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकून दिलं. काम खोळंबलं आणि फरक काहीच पडला नाही. आता मोठी, महागडी एसएसडी घेऊ का, असं ते विचारतात.

दादा, एसएसडी आत्ता घेऊ नका. तुमची एसएसडी बिघडल्याचं यात मला काही दिसत नाही. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं फोटो ठेवलेल्या डिस्कांपैकी एखादीकडे बोट दाखवतात. नवं विंडोज टाकून फरक पडला नाही, हा तर चांगला पुरावाच म्हणायचा. ठिपक्यांशिवाय नुसता लोगो पडद्यावर असतो तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे ते कितीही नवं कोरं असलं तरी ती दीड मिनिटं त्याच्या हातात नाहीत.

आणि म्हणूनच वेग वाढवायच्या आधी एक काम करा, आजच करा. ज्या लग्नांचे अल्बम अजून गिऱ्हाइकाला द्यायचे आहेत, त्यांचे फोटो दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर कॉपी करून घ्या. संगणक हळू चालू होणं ही बऱ्याचदा मरायला टेकलेल्या डिस्कची पहिली खूण असते. लोक महिनोन् महिने ‘जरा स्लो आहे’ म्हणून चालवतात आणि एका सकाळी डिस्क दिसतच नाही. एसएसडी नवी मिळते, विंडोज पुन्हा टाकता येतं, पण कुणाची हळद पुन्हा लागत नाही. कॉपी करताना कट-पेस्ट नको, कॉपीच. आणि पूर्ण डिस्क एकदम ओढू नका. आधी सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर, मग बाकीचे. कॉपी एखाद्या फाइलवर अडकून बसली तर ती सोडून पुढे जा. डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर मात्र काहीच करू नका. संगणक बंद करा आणि ती डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, कारण अशा डिस्कला पुन्हा पुन्हा करंट देऊन लोक उरलासुरला डेटाही घालवून बसतात.

आता वेळ नेमका कुठे जातो ते बघू. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि तीन टप्पे वेगळे मोजा: बटण दाबल्यापासून ठिपके फिरायला लागेपर्यंत, ठिपक्यांपासून पासवर्ड मागेपर्यंत, आणि पासवर्ड टाकल्यापासून फोल्डर झटकन उघडायला लागेपर्यंत. हे मोजमाप शटडाउन करून न घेता रीस्टार्ट देऊन घ्या. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली, तिच्यात शटडाउन केल्यावर विंडोज आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उठवतं. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, सगळं नव्यानं सुरू होतं. त्यामुळे एका दिवशी शटडाउन आणि दुसऱ्या दिवशी रीस्टार्ट असं मोजलं तर आकडे जुळायचे नाहीत.

पहिल्या टप्प्यासाठी विंडोज स्वतःच एक आकडा देतं. टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या पानावर जा. वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ असं लिहिलेलं असतं. बायोस म्हणजे मदरबोर्डमधला, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्रॅम. निरोगी डेस्कटॉपला तिथे साधारण पाच ते वीस सेकंद दिसतात. तुमच्याकडे सत्तर-ऐंशी दिसले तर मामला विंडोजच्या आधीचाच आहे हे नक्की झालं. मग स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद करणं, टेम्प फाइल साफ करणं, क्लीनर टाकणं, यातलं काहीच तिथपर्यंत पोचत नाही.

लोगो दिसत असताना आत काय चालतं? बायोस मेमरी तपासतो, कीबोर्ड-माउस बघतो आणि मग प्रत्येक साटा पोर्टवर (जिथे हार्ड डिस्कची केबल लागते), प्रत्येक एम-डॉट-टू स्लॉटवर (जिथे एनव्हीएमई एसएसडी बसते), प्रत्येक यूएसबीवर ‘कोण आहे रे?’ म्हणून विचारतो. डिस्कने आपलं नाव, मॉडेल आणि आकार सांगायचा असतो. एसएसडी हे डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगते. हार्ड डिस्कला आधी तबकड्या पूर्ण वेगात आणाव्या लागतात, त्यात काही सेकंद जातात. आजारी डिस्क मात्र उत्तरच देत नाही, किंवा अर्धवट देते. बायोस थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो. पंगतीत शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठत नाही, तसं आहे हे. त्या डिस्कवर विंडोज नसलं, ती डिस्क तुम्ही वर्षभरात उघडली नसली, तरी सगळा संगणक तिच्यासाठी खोळंबतो. विंडोज तर एसएसडीवर आहे, मग हार्ड डिस्कचा काय संबंध, असं अनेकांना वाटतं. तो संबंध इथे आहे.

हे तपासायची खात्रीची पद्धत साधी आहे: एकेक डिस्क काढून बघायची. पण तुमच्या बाबतीत त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं असेल तर, बऱ्याच संगणकांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. मालकाला पत्ताही नसतो. तुमचं विंडोज नुकतंच टाकलंय, म्हणजे ही शक्यता धरून चाला. बायोसमध्ये काही बदललं किंवा बूटचा, म्हणजे कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं त्याचा, क्रम हलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आधी कागदावर उतरवून घ्या. लॉगिन दुकानदाराच्या खात्यानं केलेलं असेल तर की त्याच्या खात्यात असणार, तेव्हा ते आजच विचारून घ्या.

दुसरी, विंडोजचं बूट नेमकं कुठल्या डिस्कवरून होतं. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण एकापेक्षा जास्त डिस्क असलेल्या संगणकांत हा घोळ सर्रास सापडतो आणि फारसा कुणी बघत नाही. विंडोज टाकताना सगळ्या डिस्क जोडलेल्या असतील आणि त्यातल्या एखाद्या जुन्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूट फाइल ठेवायचा छोटा कप्पा, असेल, तर इन्स्टॉलर नवं न बनवता आपली बूट फाइल त्या जुन्यातच टाकून मोकळा होऊ शकतो. वरून सगळं ठीक दिसतं. सी ड्राइव्ह एसएसडीवर, विंडोज एसएसडीवर. पण बटण दाबल्यावर बायोस आधी जातो जुन्या हार्ड डिस्ककडे, तिथून ती छोटी बूट फाइल उचलतो, आणि मग एसएसडीवर येतो. म्हणजे तुमच्या वेगवान संगणकाची किल्ली जुन्या, थकलेल्या डिस्कच्या खिशात. अशी डिस्क काढली की संगणक ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणतो, मालक घाबरून ती पुन्हा लावतो, आणि बरोबर तीच डिस्क कायम आत राहते.

तपासायला स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ अशा आडव्या पट्ट्या दिसतील. ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ असं लिहिलेला बारका चौकोन, बहुतेक १०० एमबीचा, कुठल्या पट्टीत आहे ते बघा. सी ड्राइव्हच्याच पट्टीत असला तर उत्तम. तो फक्त १ टीबीच्या पट्टीत असेल तर घोटाळा सापडलाच. दोन्हीकडे असेल तर बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावापुढे कुठल्या डिस्कचं मॉडेल लिहिलंय ते बघायचं आणि एसएसडीवाला वर आणायचा. एसएसडीवर हे पार्टिशन नसेल तर सी ड्राइव्ह थोडा आकसून तिथे ते बनवता येतं आणि विंडोजमधल्याच ‘बीसीडीबूट’ या आज्ञेनं त्यात बूट फाइल टाकता येतात. जाणत्याला हे काम अर्ध्या तासाचं आहे, त्यासाठी पुन्हा फॉरमॅट लागत नाही. पण यात डिस्कपार्ट हे डिस्कचे कप्पे करणारं साधन वापरावं लागतं, आणि तिथे चुकून दुसऱ्या डिस्कचा नंबर निवडला तर फोटोंची डिस्क साफ होते. ते ज्याच्या हातात बसलंय त्याच्याकडूनच करून घ्या. पुढे कधीही विंडोज टाकायला दिलंत तर एवढं सांगा: ज्या डिस्कवर टाकायचं ती सोडून बाकी सगळ्यांच्या केबल काढून मगच टाका.

त्या १ टीबीच्या डिस्कवर जुनं विंडोज अजून असेल तर आणखी एक गंमतशीर दिसणारा, पण खरा वेळ जातो. दोन विंडोज सापडली की ‘कुठली सिस्टम निवडता’ असा निळा पडदा येतो आणि तो मुळात ३० सेकंद थांबतो. रन उघडून ‘एमएसकॉन्फिग’मध्ये बूटच्या पानावर जुनी नोंद काढता येते किंवा ती वेळ कमी करता येते. तुम्ही असा पडदा दिसत असल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून यावर थांबत नाही.

आता एकेक डिस्क काढून बघायचं. संगणक शटडाउन करताना शिफ्टचं बटण दाबून धरा, म्हणजे तो फास्ट स्टार्टअपमध्ये न झोपता पूर्ण बंद होतो. भिंतीवरचं बटण बंद, यूपीएसचं बंद, मग कॅबिनेटचं बटण पाचेक सेकंद दाबून आतला उरलेला करंट घालवा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. सुरुवात यूएसबीपासून करा: पोर्टेबल डिस्क, कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह, सगळं काढून एकदा चालू करा. फोटोवाल्यांकडे हे पहिल्याच फटक्यात सापडल्याची उदाहरणं खूप. पोर्टेबल डिस्क किंवा आत कार्ड नसलेला कार्ड रीडरसुद्धा काही मदरबोर्डना बूटच्या वेळी थांबवून ठेवतो. तसं निघालं तर डिस्क नंतर जोडायची सवय लावा, किंवा बायोसमधून यूएसबीवरून बूट होणं बंद करा.

यूएसबी काढून फरक पडला नाही तर तिन्ही हार्ड डिस्कची डेटा आणि पॉवर अशा दोन्ही केबल काढा आणि फक्त एसएसडीवर चालू करा. लोगो दहा सेकंदांत गेला, की गुन्हेगार त्या तिघींतच आहे. मग दर वेळी पूर्ण बंद करून एकेक परत लावा आणि प्रत्येक वेळी बायोस टाइम कागदावर लिहा. जी लावल्यावर आकडा उडी मारतो, ती तुमची डिस्क. कुठली केबल कुठल्या पोर्टला होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही मदरबोर्डवर एम-डॉट-टू स्लॉट वापरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि केबल चुकीच्या पोर्टला गेली की डिस्क गायब झाली म्हणून उगाच घाम फुटतो.

डिस्क सापडली म्हणून लगेच ती फेकू नका. डिस्क खराब आहे, केबल खराब आहे की पॉवर कमी पडतेय, हे तिलाच विचारायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. ते डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली नोंद, दाखवतं. निळा ‘गुड’ बघून लगेच सुटकेचा श्वास सोडू नका, खालची यादी वाचा. त्यातले आकडे सुरुवातीला सोळाच्या हिशोबात असतात, ते मेन्यूमधून दहाच्या हिशोबात करून घ्या, नाहीतर ‘१०’ दिसेल आणि खरा आकडा १६ असेल.

०५ क्रमांकाच्या ओळीत डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे बारके तुकडे, असतात. सी५ मध्ये वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. सी६ मध्ये तपासूनही न वाचले गेलेले. या तिन्हीत शून्य असणं चांगलं. ०५ मध्ये थोडा आकडा असून तो महिनोन् महिने तेवढाच राहत असेल तर डिस्क चालते, पण तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नये. सी५ मध्ये आकडा आहे आणि तो दर आठवड्याला वाढतोय, तर ती डिस्क निरोप घेतेय, तिच्यावर एकही नवा फोटो टाकू नका. ०९ मध्ये डिस्क एकूण किती तास चालली ते दिसतं. वर्षाचे तास ८७६०; तुमच्या जुन्या डिस्कवर ३५,००० दिसले तर ती एकूण चार वर्षं न थांबता फिरलीय असा अर्थ.

आणि एक ओळ लोक हमखास चुकवतात, ती म्हणजे सी७. यात आकडा मोठा असेल तर दोष डिस्कच्या आत नाही, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या रस्त्यात आहे, म्हणजे बहुतेक साटा केबलमध्ये. साधी लाल केबल, क्लिप नसलेली, कॅबिनेटच्या झाकणाखाली दुमडलेली. उद्यमनगरात मशिनच्या शेजारी ठेवलेल्या संगणकांत तर थरथरीनंच ती सैल होते, आणि पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा पिनांवर गंज चढवते. नवी क्लिपवाली केबल लावा. हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो किती आहे ते लिहून ठेवायचं आणि आठ दिवसांनी तेवढाच आहे ना ते बघायचं. तेवढाच असला तर काम झालं, डिस्क चांगली आहे.

पॉवरकडेही लक्ष द्या. साडेतीन इंची हार्ड डिस्क तबकडी फिरवायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या तारेवर दीड-दोन अँपिअर ओढते. तीन डिस्क एकदम उठल्या की सहा अँपिअरच्या आसपास, म्हणजे सत्तर वॅट, तेही प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जागं होतंय त्याच क्षणी. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, हलका किंवा जुना असेल तर तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली येतो, एखादी डिस्क अर्ध्यातून थांबून पुन्हा फिरायला लागते, आणि बायोस वाट बघत बसतो. कान लावून ऐका: एकसारखा चढत जाणारा आवाज बरा, चढून उतरून पुन्हा चढणारा आवाज वाईट. स्मार्ट अहवालात ०ए या ओळीत, म्हणजे पुन्हा फिरवायच्या प्रयत्नांत, आकडा दिसला तर संशय आणखी पक्का. एका तारेतून तीन डिस्क काढणारे स्वस्त स्प्लिटर वापरू नका. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे जे असतात त्यांत तारा आत एकमेकींना चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत.

दुसऱ्या टप्प्यात, ठिपके फिरत असताना, विंडोज सगळ्या डिस्क आपल्या ताब्यात घेतं. इथेही आजारी डिस्क तेच करते. घरगुती हार्ड डिस्क एखादा सेक्टर वाचला जात नसला तर हट्टानं पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी कधी अर्ध्या मिनिटाहूनही जास्त. नॅस (नेटवर्कवरचा सामायिक साठा) आणि सर्व्हरसाठीच्या डिस्कना सात सेकंदांच्या आसपास नाद सोडायची शिकवण दिलेली असते, म्हणून त्या असा गोंधळ कमी घालतात. विंडोज वाट बघून कंटाळलं की पोर्टला रीसेट देतं आणि पुन्हा विचारतं. या सगळ्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोज लॉग्जखाली सिस्टममध्ये होते. ७ क्रमांक म्हणजे खराब ब्लॉक सापडला, १२९ म्हणजे पोर्टला रीसेट दिलं, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं. चालू होण्याच्या वेळेला लागून हे क्रमांक ओळीनं दिसले तर विंडोजकडूनही कबुलीजबाब मिळाला. ७ आणि १५३ च्या नोंदीत डिस्कचा नंबर असतो, तो डिस्क मॅनेजमेंटमधल्या नंबराशी ताडून बघा.

इथेच चेकडिस्कबद्दल, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या साधनाबद्दल, बजावून सांगतो. वीज गेली, यूपीएसची बॅटरी दमलेली, संगणक धाडकन बंद झाला, की पुढच्या वेळी ‘ड्राइव्ह तपासत आहे’ असं येतं. एकदा आलं आणि गेलं तर काळजी नाही. पण रोज सकाळी येत असेल तर डिस्कवर ‘मी अस्वच्छ आहे’ ही खूण पुन्हा पुन्हा लागतेय. अशा वेळी कुणी सांगेल की चेकडिस्क पूर्ण दुरुस्तीसह मारा. फोटो कॉपी होईपर्यंत अजिबात मारू नका. ते प्रत्येक सेक्टर वाचायला लावतं, मोठ्या डिस्कवर कित्येक तास चालतं, आणि लंगडणाऱ्या डिस्कला धावायला लावल्यासारखं होऊन ती मध्येच बसते. साध्या कॉपीनं निघत नसेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतं आणि अवघड भागांकडे शेवटी वळतं. क्रम तोच योग्य.

तिसरा टप्पा, डेस्कटॉप आल्यानंतरचा, एका खिडकीत समजतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर डावीकडे प्रत्येक डिस्क वेगळी दिसते. ज्या मिनिटभरात काही उघडत नाही त्याच वेळी एकेकीवर क्लिक करा. एखादी ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्के दाखवतेय, पण वाचन-लेखन जवळजवळ शून्य, आणि सरासरी प्रतिसाद हजारो मिलिसेकंदांत, हे दृश्य दिसलं की आणखी तपास लागत नाही. चांगल्या हार्ड डिस्कचा प्रतिसाद रोजच्या साध्या कामात दहा-वीस मिलिसेकंदांच्या घरात असतो. उलट, एखादी डिस्क १०० टक्क्यांवर असून खरोखर भरभरून वाचतेय असं दिसलं तर ती निरोगी आहे, फक्त तिच्यावर काम पडलंय: अँटिव्हायरस, क्लाउडला फोटो चढवणारं ॲप, फोटोंचा कॅटलॉग उघडणारं सॉफ्टवेअर, किंवा विंडोजचं इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी फाइलींची यादी बनवणं. तुमच्यासारख्याकडे लाखो फाइल असतात. फोटोंच्या ड्राइव्हचं इंडेक्सिंग बंद करा, क्लाउडचं ॲप हातानं सुरू करा. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स हे फोल्डर हार्ड डिस्कवर हलवले असतील तर परत एसएसडीवर आणा, पेजफाइलही (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) तिथेच असू द्या. फाइल एक्सप्लोररच्या क्विक ॲक्सेसमध्ये पिन केलेला फोल्डर आता नसलेल्या डिस्कचा किंवा नेटवर्कचा असेल तर तो काढा.

दुपारी चहा पिऊन आलात आणि डी ड्राइव्ह उघडायला दहा सेकंद लागले, तर तो वेगळा विषय. वापर नसला की काही मिनिटांनी विंडोज हार्ड डिस्क झोपवतं, मूळ सेटिंगमध्ये बहुतेक वीस. पॉवर ऑप्शन्समध्ये ते बदलता येतं.

फास्ट स्टार्टअप तुम्ही बंदच करा, असं माझं मत आहे. विंडोज एसएसडीवर असताना त्यानं वाचतात ते मोजके सेकंद. पण तुम्ही डिस्क काढून लॅबला किंवा दुसऱ्या संगणकाला लावता. झोपवलेल्या विंडोजला डिस्कवर काय होतं याची जुनी आठवण असते. मधल्या काळात दुसऱ्या संगणकानं तीवर काही लिहिलं असेल तर दोन्हीचा मेळ बसत नाही आणि फाइल बिघडू शकतात. लग्नसराईत हा धोका कशाला पत्करायचा?

मदरबोर्डवरच्या गोल सेलचंही एकदा बघा, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल तर तो संपलाय. मग प्रत्येक वेळी बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि तुम्ही नीट लावलेला बूटचा क्रम पुसला जातो. काही रुपयांच्या सेलसाठी लोक मदरबोर्ड बदलायला निघतात.

आता तुमच्यासाठी माझा अंदाज: १ टीबीची जुनी डिस्क दोषी निघेल आणि ईएफआय पार्टिशनही तिच्यावरच सापडेल. तसं निघालं तर क्रम असा ठेवा. आधी फोटो बाहेर, मग बूट एसएसडीवर, आणि त्यानंतरच ती डिस्क काढायची. एसएसडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे एका मोठ्या हार्ड डिस्कला लावा. २ आणि १ टीबीचा माल तिच्यावर हलवा, म्हणजे आत दोनच हार्ड डिस्क राहतील. घेताना सीएमआर प्रकारची मागा, तिच्यात डेटाचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत. पट्टे एकमेकांवर चढवणारी एसएमआर स्वस्त पडते, पण भरलेल्या डिस्कवर पुन्हा पुन्हा लिहायला लागली की ती फार मंदावते. सुटलेली २ टीबी, तिचा स्मार्ट अहवाल स्वच्छ असेल तर, बॅकअपला वापरा आणि ती दुकानात ठेवू नका. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर शाहूपुरीनं बघितलाय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला लागलं की आपण सीपीयू माळ्यावर चढवतो, पण फोटोंची दुसरी प्रत त्याच कपाटात राहिलेली असते. ती उंचावरच्या कुणा नातेवाइकाच्या घरी असू द्या. आणि कधी डिस्क पाण्यात गेलीच, तर ती वाळवून लावून बघण्याचा मोह टाळा, तशीच रिकव्हरीवाल्याकडे न्या.

एकेक डिस्क लावतानाचे बायोस टाइमचे आकडे, प्रत्येक डिस्कच्या ०५, सी५ आणि सी७ या ओळी, आणि डिस्क मॅनेजमेंटचा एक फोटो एवढं पाठवलंत, की कुठली डिस्क ठेवायची आणि कुठली काढायची ते मी नक्की सांगतो. पाठवण्याआधी तेवढी कॉपी सुरू करा.